केबल काढल्यावर कर्नल भलत्याच जागी कोसळतो: केसॅन, केमेमलीक की आणखी काही?

सह्याद्री६४ यांचा प्रश्न

लिनक्स ६.६ वर चालणारा एक यूएसबी ड्रायव्हर आहे, कर्नल ट्रीबाहेरचा. उपकरण सेन्सरचे आकडे सतत पाठवतं आणि ड्रायव्हर ते कॅरेक्टर डिव्हाइसमधून युजरस्पेसला देतो. आत दोन गोष्टी चालू असतात: डेटासाठी बल्क यूआरबी, म्हणजे यूएसबीवरच्या देवाणघेवाणीच्या विनंत्या, आणि उपकरणाची स्थिती विचारणारं एक डिलेड वर्क, म्हणजे ठरावीक वेळानंतर चालणारं काम. तक्रारी दोन आहेत.

पहिली. डेटा वाचणं चालू असताना केबल उपसली की लगेच काहीच होत नाही. दोन ते दहा मिनिटांनी कर्नल कोसळतो, आणि दर वेळी वेगळ्या जागी: एकदा ईएक्सटी४ च्या कोडमध्ये, एकदा नेटवर्कच्या एसकेबीमध्ये (पॅकेटच्या बफरमध्ये), दोनदा थेट केमॅलॉकच्या, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या, आत. ऊप्सच्या, म्हणजे कोसळताना कर्नल छापतो त्या अहवालाच्या, स्टॅक ट्रेसमध्ये आपल्या ड्रायव्हरचं नावसुद्धा नसतं.

दुसरी. केबलला हात न लावता २४ तास चालवलं तर मेमइन्फोमधला एसअनरिक्लेम, म्हणजे कर्नलला परत न मिळवता येणारी स्लॅब मेमरी, साधारण ४० एमबीने वाढतो. स्लॅबटॉपमध्ये केमॅलॉक-५१२ (५१२ बाइटच्या तुकड्यांचा साठा) फुगताना दिसतं.

प्रिंटके (लॉगमध्ये ओळी छापणारे) टाकले की पहिली तक्रार बहुतेक वेळा दिसेनाशी होते. हाताशी १६ जीबीचा एक्स८६ डेस्कटॉप आहे, आणि प्रत्यक्ष वापरातला आर्म६४ बोर्ड आहे: चार कोअर, रॅम १ जीबी. मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनांपैकी केसॅन, केमेमलीक, केफेन्स, स्लब डीबग ही नावं माहीत आहेत. सुरुवात कुठून करावी? १ जीबीत केसॅन मावेल का? आणि अहवाल वाचायचा कसा?

रेडझोन यांचं उत्तर

या दोन वेगळ्या चुका आहेत असं धरून चाला आणि त्यांना हत्यारंही वेगळी लावा. पहिलीला केसॅन (मेमरीला होणारा चुकीचा स्पर्श पकडतो), दुसरीला केमेमलीक (गळती शोधतं). दोन्ही एकाच बिल्डमध्ये चालू करता येतात, पण यंत्र इतकं मंदावतं की वेळेच्या गणितावर अवलंबून असलेली चूक हातची निसटते. दोन बिल्ड करा.

आधी भलत्या जागी कोसळण्याचं कारण. फ्री झालेला स्लॅब ऑब्जेक्ट, म्हणजे सोडून दिलेला मेमरीचा तुकडा, रिकामा पडून राहत नाही. पुढचा मोकळा ऑब्जेक्ट कुठे आहे याचा पॉइंटर स्लब (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) त्याच ऑब्जेक्टच्या पोटात लिहून ठेवतो. तुमच्या ड्रायव्हरने फ्री केलेल्या जागेत आठ बाइट लिहिले आणि ते नेमके त्या पॉइंटरवर पडले, तर त्याच मापाचं पुढचं केमॅलॉक कोणीही मागितलं तरी तो मरतो. तोपर्यंत ती जागा कोणाला दिली गेली असेल, तर त्याचा डेटा बिघडतो आणि तो मरतो. ऊप्समध्ये दिसतो तो मरणारा. मारणारा तिथून कधीच निघून गेलेला असतो. म्हणून चुकीचा स्पर्श होतो त्या क्षणीच पकडणारं साधन हवं.

केसॅन लावण्यापूर्वी दहा मिनिटांची एक तपासणी करा, त्याला नवं बिल्डही लागत नाही. बहुतेक डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये स्लब डीबगचा कोड असतोच, फक्त बंद असतो. बूट पॅरामीटरमध्ये स्लब_डीबग=एफझेडपीयू द्या. एफ म्हणजे सुसंगतीच्या तपासण्या, झेड म्हणजे ऑब्जेक्टच्या कडांना रेडझोन (निषिद्ध पट्टा), पी म्हणजे पॉयझन (खुणेचा ठरावीक बाइट भरणं), यू म्हणजे कोणी घेतला आणि कोणी सोडला याची नोंद. ६.९ पासून या पॅरामीटरचं नाव स्लॅब_डीबग झालं, तुमच्या ६.६ वर जुनंच नाव वापरा. पॉयझन चालू असताना फ्री केलेल्या ऑब्जेक्टमध्ये ६बी हा बाइट भरला जातो. त्यानंतरच्या ऊप्समध्ये एखाद्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली, तर कोणीतरी फ्री झालेल्या मेमरीतून पॉइंटर उचलला आहे. एक्स८६-६४ वर हा पत्ता नॉन-कॅनॉनिकल, म्हणजे प्रोसेसरच्या लेखी अवैध, असतो, त्यामुळे साध्या पेज फॉल्टऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट मिळतो. डेडने सुरू होऊन १०० किंवा १२२ ने संपणारा पत्ता दिसला, तर लिस्टमधून आधीच काढलेल्या नोडला पुन्हा हात लागला आहे.

स्लब डीबगची मर्यादा अशी, की ते लिहिताना पकडत नाही. पुढच्या वेळी तो ऑब्जेक्ट घेताना किंवा सोडताना खुणा तपासतं. चोरी झाली हे कळतं, चोर कळत नाही.

आता केसॅन. डेस्कटॉपवर करा. मेनूकॉन्फिगमध्ये "कर्नल हॅकिंग", त्यात "मेमरी डीबगिंग", त्यात केसॅन. मोड जेनेरिक. इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे कंपाइलरने घातलेल्या तपासण्या, इनलाइन ठेवा: बायनरी मोठी होते, पण आउटलाइनपेक्षा दुपटीपर्यंत वेगाने चालते. डीबग इन्फो चालू हवी, नाहीतर ट्रेसमधून ओळ क्रमांक काढता येणार नाही. जीसीसी ८.३ किंवा त्यापुढचा हवा.

जेनेरिक मोडमध्ये दर ८ बाइटमागे १ शॅडो बाइट (त्यांना हात लावता येतो का याची नोंद) असतो, म्हणजे रॅमचा आठवा हिस्सा शॅडोला जातो. शॅडो शून्य असेल तर आठही बाइट वैध, १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच वैध, आणि ऋण असेल तर सगळे निषिद्ध. कंपाइलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी ही तपासणी घुसवतो. २० बाइट मागितले तर केमॅलॉक-३२ मधला ऑब्जेक्ट मिळतो आणि शॅडोत ००, ००, ०४, एफसी असे चार बाइट दिसतात. म्हणजे २१ व्या बाइटला हात लावला तरी पकड होते. शिवाय फ्री केलेले ऑब्जेक्ट लगेच पुन्हा वाटले जात नाहीत, क्वारंटाइनमध्ये थांबतात. क्वारंटाइनची कमाल मर्यादा एकूण रॅमच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढी असते. तुमची चूक पकडली जाण्याची खरी शक्यता इथूनच येते.

मॉड्यूल त्याच केसॅनवाल्या बिल्ड ट्रीविरुद्ध पुन्हा बांधा. तपासण्या कंपाइलर घालतो, त्यामुळे तशा बांधल्या नसलेल्या मॉड्यूलमधल्या थेट वाचन-लेखनाकडे केसॅनचं लक्षच नसतं. मेकफाइलमध्ये कोणी "केसॅन_सॅनिटाइझ := एन" लिहून ठेवलेलं नाही ना, तेही पाहा. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "कर्नलअ‍ॅड्रेससॅनिटायझर इनिशियलाइझ्ड" ही ओळ शोधा. ती नसेल तर पुढची सगळी चाचणी फुकट.

केसॅन मुळात पहिली चूक सांगून गप्प बसतो. ते योग्यच आहे, कारण पहिल्या बिघाडानंतरचे अहवाल अनेकदा त्याच बिघाडाची पिल्लं असतात. सगळे हवे असतील तर केसॅन_मल्टी_शॉट द्या. पण सुरुवातीला पॅनिक_ऑन_वॉर्न=१ आणि सीरियल कन्सोल असंच चालवा.

घाटमाथा यांचं उत्तर

वर केसॅनबद्दल सगळं आलं आहे. मी चूक घडवून आणण्याबद्दल आणि १ जीबीच्या बोर्डाबद्दल लिहितो.

हाताने केबल उपसत बसू नका. /सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्स खाली तुमच्या ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत अनबाइंड आणि बाइंड या फाइली असतात. त्यांत इंटरफेसचं नाव, म्हणजे १-१:१.० सारखं काहीतरी, लिहिलं की ड्रायव्हरची डिस्कनेक्ट (उपकरण सुटल्यावरचं) आणि प्रोब (उपकरण जोडल्यावरचं) ही दोन्ही फंक्शन चालतात. शेलमध्ये ५०० वेळांचा लूप लावा. एकीकडे दोन-तीन प्रोसेस डिव्हाइस उघडून वाचत राहू द्या, आणि दोन फेऱ्यांमधली झोप दर वेळी वेगळी ठेवा: ५ मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत. ठरावीक झोप ठेवली तर वर्क आणि डिस्कनेक्ट यांची गाठ कधी पडतच नाही. क्यूईएमयूमध्ये करायचं असेल तर एक्सएचसीआय कंट्रोलर देऊन उपकरण यूएसबी-होस्टने आत पाठवा. मॉनिटरवर डिव्हाइस_डेल दिलं की पाहुण्या कर्नलला ते केबल उपसल्यासारखंच दिसतं, आणि पॅनिक झालं तरी डेस्कटॉप उभा राहतो.

प्रिंटके टाकल्यावर चूक गायब होते, हीच रेसची, म्हणजे दोन कामांच्या वेळेच्या शर्यतीतून होणाऱ्या चुकीची, खूण. केसॅनमुळे वेग तीनपटीपर्यंत उतरू शकतो, त्यामुळे तीच गोष्ट केसॅनखालीही होऊ शकते. अशा वेळी खिडकी मुद्दाम रुंद करा: वर्कच्या फंक्शनमध्ये, ड्रायव्हरच्या स्ट्रक्टला शेवटचा स्पर्श होण्याच्या आधी, एमस्लीप(२००) टाका. यूआरबीच्या कम्प्लिशन हँडलरमध्ये (विनंती पुरी झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मात्र झोपता येत नाही, तिथे एमडिले वापरा. तपास संपला की ते काढायचं विसरू नका.

१ जीबीच्या बोर्डावर जेनेरिक केसॅन म्हणजे १२८ एमबी शॅडो, ३२ एमबीपर्यंत क्वारंटाइन, शिवाय रेडझोन आणि दुप्पट कर्नल स्टॅक. अ‍ॅप्लिकेशन हलकं असेल तर मावतं. आर्म६४ वर सॉफ्टवेअर टॅगचा मोडही आहे: दर १६ बाइटमागे १ बाइट, म्हणजे ६४ एमबी, आणि क्वारंटाइन नाही. पॉइंटरच्या वरच्या बाइटमध्ये टॅग ठेवतात आणि तो मेमरीच्या टॅगशी जुळवतात. पण इथे कण १६ बाइटचा आहे. २० बाइटच्या ऑब्जेक्टमधला २५ वा बाइट वाचला तर हा मोड काहीच बोलत नाही, कारण ३२ पर्यंत टॅग एकच. शिवाय टॅग योगायोगाने जुळण्याची थोडी शक्यता राहते. हार्डवेअर टॅगला एमटीई (मेमरीला टॅग लावण्याची सोय) असलेला प्रोसेसर लागतो. कॉर्टेक्स-ए७२ सारख्या कोअरमध्ये तो नाही.

बोर्डावर हमखास नडणारी गोष्ट सांगतो: केसॅनमुळे कर्नलची इमेज बरीच फुगते. यू-बूटमध्ये (बोर्डाच्या बूटलोडरमध्ये) डिव्हाइस ट्रीचा किंवा इनिटआरडीचा पत्ता कर्नलच्या पत्त्याला चिकटून असेल, तर मोठी इमेज त्यावर पसरते आणि बोर्ड "स्टार्टिंग कर्नल" नंतर एक अक्षरही न काढता थिजतो. लोक केसॅनला दोष देतात. आधी पत्ते दूर सरकवा, नाहीतर आउटलाइन वापरा.

केफेन्सबद्दल थोडक्यात. ५.१२ पासून आहे, खर्च नगण्य, आणि वापरातल्या यंत्रांवर चालू ठेवण्यासाठीच तो बनवला आहे. तो दर १०० मिलिसेकंदाला एखादंच अलोकेशन आपल्या राखीव पूलमध्ये नेतो, शेजारी गार्ड पेज (हात लावताच चूक उघड करणारं पान) ठेवतो. पूलमध्ये मुळात २५५ ऑब्जेक्ट, म्हणजे ४ केबी पेज धरून २ एमबी. शेकडो बोर्ड फील्डमध्ये असतील तर तो सोन्यासारखा. टेबलावरच्या एका बोर्डावर, केबल काढतानाच घडणाऱ्या चुकीसाठी, नाही. सॅम्पल इंटरव्हल १ वर आणला तर पूलच भरून जातो. डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासासाठीच्या फाइलींमधल्या) केफेन्सच्या स्टॅट्स फाइलमध्ये वगळलेल्यांचा आकडा चढताना दिसेल.

जाईजुई_०१ यांचं उत्तर

गळतीबद्दल. ४० एमबीला ५१२ ने भागा: ८१,९२० ऑब्जेक्ट. २४ तासांत सेकंद ८६,४००. म्हणजे जवळजवळ सेकंदाला एक. ड्रायव्हरमध्ये सेकंदाला एकदा काय घडतं? स्थिती विचारणारं डिलेड वर्क दर सेकंदाला चालत असेल तर तिथूनच वाचायला सुरुवात करा. बल्क यूआरबीचा मार्ग गळत असता तर हा आकडा कितीतरी मोठा आला असता.

केमेमलीकने खात्री करा. हे २.६.३१ पासून कर्नलमध्ये आहे. ते स्लॅब आणि व्हीमॅलॉकच्या प्रत्येक अलोकेशनची नोंद ठेवतं, मग डेटा सेक्शन, स्टॅक आणि इतर ऑब्जेक्ट चाळून ज्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो अनाथ ठरवतं. आपोआप चाळणी दर १० मिनिटांनी होते. तेवढं थांबू नका. डीबगएफएस माउंट करून /सिस/कर्नल/डीबग/केमेमलीक मध्ये आधी "क्लिअर" लिहा, म्हणजे बूटपासूनचा जुना गाळ बाजूला पडतो. पाच मिनिटं ड्रायव्हर चालवा. मग "स्कॅन" दोनदा लिहा, मध्ये दहा सेकंद सोडून. ५ सेकंदांपेक्षा कोवळा ऑब्जेक्ट अहवालात येत नाही, आणि ज्याचा मजकूर मागच्या चाळणीनंतर बदलला तोही पुढे ढकलला जातो. एकदाच चाळून "गळती नाही" म्हणणं हा नेहमीचा घोटाळा आहे.

फाइलमध्ये लिहिताना परवानगी नाही अशी एरर आली तर रूट असूनही आली म्हणून चक्रावू नका: केमेमलीक स्वतःच बंद पडलेलं आहे. बूटच्या सुरुवातीची अलोकेशन नोंदवायचा साठा संपला की ते असं बंद होतं. डीमेसेजमध्ये मेमरी पूल रिकामा झाल्याची ओळ असेल. कॉन्फिगमध्ये पूल साइझ १६००० वरून वाढवा.

अहवाल आरएममॉड करण्याआधी वाचा. मॉड्यूल उतरवलं की त्याची सिंबॉल जातात आणि बॅकट्रेसमध्ये नुसते पत्ते उरतात.

दोन गोष्टी केमेमलीकला दिसत नाहीत. एक, अलोक_पेजेसने थेट घेतलेली पानं. दुसरी, लिस्टमध्ये अडकवून ठेवलेले पण कधीच न काढलेले ऑब्जेक्ट, कारण त्यांचा पत्ता सापडतो, म्हणजे ते अनाथ नाहीत. पानांसाठी पेज_ओनर=ऑन लावा. लिस्टवाल्यांसाठी स्लब_डीबग=यू,केमॅलॉक-५१२ देऊन बूट करा आणि डीबगएफएसमध्ये स्लॅबखालच्या केमॅलॉक-५१२ च्या अलोक_ट्रेसेस फाइलमध्ये कुठल्या ओळीने किती ऑब्जेक्ट धरून ठेवलेत ते बघा. आकडा सगळं सांगतो.

सह्याद्री६४

केमेमलीक: आकार ५१२, प्रोसेस केवर्कर (वर्क चालवणारा कर्नलचा थ्रेड), ट्रेस केमॅलॉक_ट्रेस, मग स्थिती विचारणारं फंक्शन, मग प्रोसेस_वन_वर्क. वर्क दर सेकंदालाच चालतं. फंक्शनमध्ये "स्थिती बदललेली नाही" या फांदीत केफ्री न करता (मेमरी न सोडता) रिटर्न होतं, हे आता दिसलं.

केसॅन, अनबाइंड लूपच्या ३७ व्या फेरीत: स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री (सोडलेल्या मेमरीचा वापर), त्याच फंक्शनमध्ये, ८ बाइटचं लेखन, प्रोसेस केवर्कर. "अलोकेटेड बाय" मध्ये प्रोब, "फ्रीड बाय" मध्ये डिस्कनेक्ट. पत्ता १०२४ बाइटच्या फ्री झालेल्या भागात १३६ बाइट आत. डिस्कनेक्टमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क आहे, तरीही हे कसं?

रेडझोन

अहवाल वाचायचा क्रम हाच ठेवा: आधी पहिली ओळ आणि लेखन की वाचन, मग तीन स्टॅक, मग ऑफसेट. मॉड्यूलवर पाहोल (स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं साधन) चालवून स्ट्रक्टमध्ये १३६ वर कोणतं फील्ड आहे ते काढा, आणि फंक्शन+ऑफसेटवरून ओळ काढायला कर्नलच्या स्क्रिप्ट्समधलं एफअ‍ॅडर२लाइन मॉड्यूलच्या फाइलवर चालवा. खाली शॅडोच्या रांगा असतात, त्यांत बाणाखाली एफबी दिसलं की ऑब्जेक्ट फ्री झालेला, एफसी दिसलं की रेडझोन.

कारण नावातच आहे. कॅन्सल_डिलेड_वर्क टायमरवर थांबलेलं वर्क काढतं, पण त्या क्षणी दुसऱ्या कोअरवर चालू असलेल्या फंक्शनची वाट पाहत नाही. डिस्कनेक्ट पुढे जाऊन केफ्री करतं. फंक्शन मागे स्ट्रक्टला स्पर्श करतं आणि शेवटी स्वतःला पुन्हा एक सेकंदासाठी रांगेत लावतं. आता फ्री झालेल्या ऑब्जेक्टमधला टायमर कर्नलच्या जिवंत टायमर यादीत गुंफलेला आहे. तो सुटला की फंक्शन पुन्हा चालतं, पुन्हा स्वतःला लावतं. ती जागा कोणाला दिली जाईपर्यंत हे बिनबोभाट चालू शकतं, आणि दिली गेली की दर सेकंदाला परक्या मेमरीत लेखन. तुमची ती दोन ते दहा मिनिटं हीच.

कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक वापरा. स्वतःला पुन्हा लावणारं वर्कही ते नीट थांबवतं. मात्र डिस्कनेक्टने धरलेला म्युटेक्स (कुलूप) वर्कचं फंक्शनही मागत असेल, तर सिंक कायमचं अडकेल. कॅन्सल म्युटेक्सच्या बाहेर करा, आणि प्रूव्ह लॉकिंग चालू करून एकदा चालवा. लॉकडेप, म्हणजे त्याने चालू होणारं कुलुपं तपासणारं साधन, ही गाठ प्रत्यक्ष अडकण्याआधीच दाखवतं.

यूआरबीसाठीही हाच प्रश्न विचारा. यूएसबी_अनलिंक_यूआरबी विनंती करून परततं, यूएसबी_किल_यूआरबी कम्प्लिशन संपेपर्यंत थांबतं. डिस्कनेक्टमध्ये दुसरं हवं.

घाटमाथा

हे दुरुस्त करून लूप पुन्हा लावा, आणि वाचणाऱ्या प्रोसेस चालूच ठेवा. डिस्कनेक्टमध्ये थेट केफ्री आहे म्हणजे पुढचा अहवाल बहुधा रीड किंवा रिलीजमध्ये येईल: फाइल अजून उघडी, स्ट्रक्ट गेलेलं. त्याला केरेफ (वापरणाऱ्यांची मोजणी) लागतो. ओपनमध्ये गेट, रिलीजमध्ये पुट, डिस्कनेक्टमध्ये आपला पुट, आणि केफ्री फक्त शेवटच्या पुटमध्ये. शिवाय डिस्कनेक्टमध्ये "उपकरण गेलं" ही खूण म्युटेक्सखाली लावा, म्हणजे रीड एरर देऊन परतेल. कर्नलमधल्या यूएसबी-स्केलेटन ड्रायव्हरमध्ये हा साचा आहे, तोच उचला.

गळतीची फांदी दुरुस्त केली की एरर मार्गही एकदा तपासा. फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम अपयशी करणारी सोय) चालू असलेल्या बिल्डमध्ये डीबगएफएसमधून प्रोबॅबिलिटी १० आणि टाइम्स -१ ठेवा, टास्क-फिल्टर लावून फक्त बाइंड करणाऱ्या प्रोसेसची अलोकेशन अपयशी होऊ द्या, आणि केमेमलीक सोबत चालवा. इग्नोर-जीएफपी-वेट मुळात चालू असतं, म्हणजे झोपू शकणारी अलोकेशन वगळली जातात. ते बंद केल्याशिवाय प्रोबमधलं जीएफपी_कर्नलवालं केमॅलॉक कधी अपयशी होणारच नाही.

जाईजुई_०१

केसॅनच्या आवाक्याबाहेर काय राहतं तेही इथेच लिहून ठेवते, म्हणजे अहवाल आला नाही तर कोणी निर्धास्त होऊ नये. स्ट्रक्टच्या आतला अ‍ॅरे ओलांडून शेजारच्या फील्डवर लिहिलं, तर ती मेमरी वैधच आहे. तिथे यूबीसॅनची बाउंड्स (अ‍ॅरेच्या मर्यादांची) तपासणी लागते. हार्डवेअरने डीएमएने (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत) लिहिलेले बाइट कंपाइलरच्या तपासणीतून जातच नाहीत. त्यासाठी डीएमए एपीआय डीबग चालू करा. यूएसबीमध्ये स्टॅकवरचा बफर ट्रान्सफरला देणं ही चूक ते नेमकी दाखवतं. आणि न भरलेली मेमरी वाचणं हे केएमसॅनचं काम: ६.१ पासून आहे, क्लँगच लागतो, आणि केसॅनसोबत एका बिल्डमध्ये बसत नाही. तुमच्या १ जीबीच्या बोर्डाचा तिथे विचारही नको. प्रत्येक बाइटमागे एक शॅडो बाइट आणि दर चार बाइटमागे चार बाइटचा उगम (ती न भरलेली मेमरी कुठून आली याची नोंद), म्हणजे मूळ मेमरी धरून तिप्पट. ते १६ जीबीच्या डेस्कटॉपवर, क्यूईएमयूमध्ये चालवा.